गयाबाईंच्या दंडातली वाकी

मी डॉक्टर नव्हतो, कंपाउंडर नव्हतो आणि लग्नकार्यात पाहुणे कौतुकानं ओळख करून देतात तसा 'ऑपरेशनमधला मोठा माणूस' तर कधीच नव्हतो. परभणीतल्या एका दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मी तीस वर्षं माणसं उचलली. खाटेवरून ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून टेबलावर, टेबलावरून पुन्हा ट्रॉलीवर आणि ट्रॉलीवरून खाटेवर. एका ऑपरेशनला चार वेळा. कागदावर माझं पद 'थिएटर अटेंडंट' होतं, पेशंट मला 'वाघमारे मामा' म्हणत आणि पूर्ण्याला आमच्या गल्लीत मी नेमकं काय करतो हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. वडील रेल्वेत खलाशी होते. कोणी विचारलं की ते सांगायचे, "आमी डब्याचं शंटिंग करताव, आमचा भीमराव माणसाचं करतो." चार लोक हसायचे आणि विषय संपायचा.

संपादकांनी सांगितलं, दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा. गमती होत्याच. पण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की मला सगळ्यात जास्त आठवते ती भीती. पेशंटची नव्हे, माझी.

ती कशाची, हे आधी सांगायला हवं. आपण झोपतो तेव्हा हात अंगाखाली आला की मुंग्या येतात आणि आपण झोपेतच कूस बदलतो. भूल दिलेला माणूस कूस बदलत नाही. त्याची टाच लोखंडावर टेकली असेल तर ती तशीच टेकून राहते. कोपर टेबलाच्या कडेला दाबलं असेल तर तीन तास दाबलेलंच राहतं. कोपरापाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला आणि दंडाच्या मागच्या बाजूला नस हाडाला अगदी लागून जाते. तिथं नुसता दाब बसला तरी नस बसते आणि मग पाऊल किंवा मनगट लोंबायला लागतं. ऑपरेशन पोटाचं, ते उत्तम झालेलं, आणि माणूस घरी जातो तो लंगडत. सर्जनचं लक्ष जखमेकडं असतं, भूल देणाऱ्या मॅडमचं श्वासाकडं. हात, पाय, टाचा, कोपरं यांच्याकडं बघणारा माणूस मी होतो. ज्याला 'दुखतंय' म्हणता येत नाही त्याच्या वतीनं मी दुखणं शोधायचं, एवढंच माझं काम.

पहिल्याच वर्षी एकदा पेशंट सरकवताना ट्रॉलीचा ब्रेक लावायचा राहिला. मॅडमनी एक, दोन, तीन म्हटलं, आम्ही चादर ओढली आणि ट्रॉली मागं सरकली. टेबल आणि ट्रॉलीच्या मधल्या फटीत त्या माणसाची कंबर आली आणि त्याचा सगळा भार माझ्या दोन हातांवर. मी त्याला कसा धरून ठेवला ते मलाही सांगता येणार नाही. त्याला काही झालं नाही, त्याला कधी कळलंही नाही. मला मात्र दोन दिवस जेवण गेलं नाही. थिएटरच्या शेख सिस्टर तेव्हापासून माझ्या तोंडाकडं न बघता आधी चाकांकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "वाघमारे, पहले ब्रेक." निवृत्तीच्या दिवशी हार घालतानाही त्यांनी हेच म्हटलं.

आणखी एक भानगड सांगतो, कारण ती जवळजवळ रोज व्हायची. पेशंटला आम्ही ट्रॉलीवर पाय पुढं करून नेतो. डोकं ढकलणाऱ्याकडं ठेवायचं, म्हणजे चेहरा सतत डोळ्यांसमोर राहतो. पण नातेवाइकांना ते चालत नाही. पाय पुढं करून माणसाला कधी नेतात हे सगळ्यांना माहीत असतं. गंगाखेडकडच्या एका भारदस्त आजोबांच्या चार पोरांनी ट्रॉलीच अडवली. थोरला म्हणाला, "आमचे आबा अजून जित्ते हायत. उलटी करा ट्रॉली." मी त्यांना समजावून सांगितलं, ऐकेनात. शेवटी आबाच पडल्या पडल्या म्हणाले, "आरं, त्येचं तोंड मला दिसायलंय आन् माजं त्येला. बरं हाय की." परतीच्या वाटेवर अर्धवट शुद्धीत त्यांना उलटी झाली. चेहरा माझ्यासमोर होता म्हणून मी तिथंच त्यांना कुशीवर वळवलं. एरवी ती उलटी श्वासनळीत गेली असती. पोरांनी नंतर पेढे दिले. मी ते खाल्ले, पण हात तासभर गार होते.

एवढी भीती बाळगणारा माणूस चूक करणार नाही असं कोणालाही वाटेल. मलाही वाटायचं.

गयाबाई झरीच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या. पन्नाशीच्या आसपास वय, अंगानं सडपातळ, पण दंड चांगले भरलेले. उजव्या मूत्रपिंडात मोठा खडा होता आणि तो कापूनच काढावा लागणार होता. पोळा होऊन आठेक दिवस झाले होते. वॉर्डातून त्यांना आणताना त्यांनी माझं एक बोट धरून ठेवलं होतं. मालक, म्हणजे नामदेवराव, ट्रॉलीबरोबर चालत आले आणि दाराबाहेरच्या बाकावर बसले. सून सुनीता दागिन्यांचं गाठोडं छातीशी धरून उभी राहिली.

गयाबाई वाटेत बोलत होत्या. भीती वाटली की काही माणसं गप्प होतात, काही बोलत सुटतात. "कापूस यायलाय आता," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या टायमाला वेचनी. मामा, गावात माज्या बरुबर पात धरायला कोनी उभं राहत न्हाई. मी मानसापरीस जल्दी वेचते."

"मग दिवाळीपर्यंत उभ्या राहाल की," मी म्हणालो.

थिएटरच्या दारात जमिनीवर लाल पट्टी असते. बाहेरच्या चपला त्या पट्टीच्या अलीकडं. तिथं थांबून आम्ही सगळं पुन्हा विचारायचो. नाव, नवऱ्याचं नाव, कोणत्या बाजूचं ऑपरेशन, शेवटचं कधी खाल्लं, कवळी आहे का, दागिने काढले का. मंगळसूत्र, जोडवी, पाटल्या वॉर्डातच मावशींनी उतरवून घेतल्या होत्या. मी आपलं सवयीनं गाउनची बाही वर केली.

उजव्या दंडात, कोपराच्या वर, चांदीची वाकी होती. जाड, पिळाची, मांसात रुतलेली. वाकी म्हणजे दंडात घालायचं कडं. लग्नात पोरीच्या दंडात बसवतात. नंतर दंड भरतो आणि ती कोपरावरून खाली येत नाही.

"ही राहिली की," मी म्हणालो.

"ती निघंना मामा. लग्नातली हाय."

"मग सोनाराला बोलवून कापावी लागंल."

गयाबाईंच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. माझं बोट त्यांनी इतकं घट्ट धरलं की नख रुतलं. "कापू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आमच्यात वाकी कापतेत ती नवरा गेल्यावर. त्येनला आता बाकावर बसवून आले मी. ते बसलेत आन् मी वाकी कापू? मग मला आतच नेऊ नका."

मी असे पुष्कळ चेहरे बघितलेले. आत शिरताना माणूस जितका कमी घाबरलेला तितकं बरं, असं मॅडम नेहमी सांगायच्या. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या डोक्यात दुसरंही होतं. सोनार येईस्तोवर केस पुढं ढकलली गेली असती, सर्जन सरांचा दिवस बिघडला असता आणि बोलणी मला बसली असती. आतून सिस्टरनी हाकही मारली होती.

धातू अंगावर ठेवू नये याचं एक कारण मला पक्कं माहीत होतं. रक्त थांबवायला विजेचं यंत्र वापरतात, त्यानं दागिन्याखाली भाजू शकतं. म्हणून मी वाकीच्या खाली जाड कापसाची गादी सरकवली. वरून चिकटपट्टीचे तीन वेढे दिले. शेवटचं टोक दुमडून ठेवलं, काढताना नखानं शोधत बसावं लागू नये म्हणून. ती माझी जुनी सवय. "काही होत नाही," मी म्हणालो. गयाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. मलाही आपण भलं केल्यासारखं वाटलं.

आत गेल्यावर सिस्टरनी यादी हातात घेऊन विचारलं, "दागिने?"

"काढले," मी म्हणालो.

उजव्या मूत्रपिंडासाठी पेशंटला डाव्या कुशीवर झोपवतात. भूल चढली की चौघांनी मिळून वळवायचं. खालचा पाय दुमडायचा, वरचा सरळ, मध्ये उशी. काखेच्या खाली चादरीची गुंडाळी, म्हणजे खालचा हात छातीच्या भाराखाली चेंगरत नाही. वरचा हात पुढं आणून लोखंडी आधारावर ठेवायचा आणि पट्ट्यानं हलका बांधायचा. हे सगळं मी केलं. उशा दिल्या, टाचा उचलल्या, कानाची पाळी दुमडली नाही ना ते बघितलं. वरच्या हाताशी आलो आणि बाही सरकलेली दिसली. चिकटपट्टी डोकावत होती. ती मॅडमना दिसू नये म्हणून मी घाईनं चादर ओढून घेतली. दंड आधाराच्या कडेवर नेमका कुठं टेकलाय हे बघायची ती वेळ होती. त्या वेळी मी चादर बघत बसलो.

खडा चिवट निघाला. तीन तास लागले. पुढची केस तयार होती, म्हणून गयाबाईंना दुसऱ्यानं वॉर्डात पोचवलं. चिकटपट्टी दंडावर तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुसऱ्या पेशंटसाठी ट्रॉली घेऊन त्याच वॉर्डात गेलो. सुनीता सासूला चहा देत होती. गयाबाईंनी उजवा हात पुढं केला, स्टीलचा पेला हातात घेतल्यासारखा केला आणि पेला खाली पडला. चहा चादरीवर सांडला. "हात अजून झोपलाय बाई," त्या सुनेला म्हणाल्या. मनगट खाली लोंबत होतं. त्या उचलायचा प्रयत्न करत होत्या, खांद्यापर्यंतचं सगळं हलत होतं, मनगट तेवढं हलत नव्हतं.

 कोणाला न्यायला आलो होतो ते विसरून, ट्रॉली तिथंच सोडून मी गयाबाईंच्या खाटेशी गेलो.

मॅडम राउंडला आल्या. त्यांनी मनगट उचलून सोडलं, ते पडलं. बाही वर केली. चिकटपट्टी सोडवली, कापसाची गादी काढली. वाकीच्या खालचं मांस काळंनिळं झालं होतं आणि दंडाच्या मागं बोटभर खोल वळ होता. तेव्हा मला लख्ख समजलं. मी घातलेल्या गादीनं वाकी आणखी आवळली होती. त्यावर तीन तास लोखंडाची कड, आणि मध्ये नस. भाजू नये म्हणून मी जे केलं त्यानंच हात गेला होता.

"ही कोणी राहू दिली?" मॅडमनी विचारलं.

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो.  गयाबाईंनी माझ्याकडं बघितलं. अगदी क्षणभर.

"मीच लपविली व्हती बाई," त्या म्हणाल्या. "ह्येंनी इचारलं तर मी न्हाई म्हनले."

 चिकटपट्टी मॅडमच्या बोटात होती, ती त्यांनी थोडा वेळ उलटसुलट करून बघितली. मग म्हणाल्या, "वाकी आत्ताच्या आत्ता कापावी लागेल. मालकांना बोलवा."

नामदेवराव आले. त्यांना सांगितलं. ते बायकोच्या उशाशी बसले, तिचा लोंबता हात आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाले, "काप की. मी हितं बसलोय न्हवं? मला काय व्हायलंय?" सोनार येऊन वाकी कापेपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही. सगळ्याला दहा मिनिटं लागली असतील. गयाबाई तोंड भिंतीकडं करून रडत होत्या आणि नामदेवराव त्यांना म्हणत होते, "बग, जित्ता हाय का न्हाई? बग की इकडं."

आदल्या दिवशी ते बाकावर बसले होते. लाल पट्टीपासून बाक दहा पावलांवर होता. दार उघडून मी त्यांना विचारलं असतं तर हेच उत्तर मिळालं असतं. मला ते सुचलंच नाही. बाईमाणसाची भीती मी तिच्याशीच मिटवून टाकली आणि ज्याच्यापायी ती होती त्याला विचारायचं राहून गेलं. आजही मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

मनगट सरळ धरून ठेवणारी फळी हाताला बांधून गयाबाई घरी गेल्या. नस मेली नसेल तर परत येईल, मॅडम म्हणाल्या. कधी, ते सांगता येत नाही. महिना, तीन महिने, सहा महिने. आणि मेली असेल तर? ते मी विचारलं नाही. मंगळवारी त्या तपासणीला यायच्या. मी कॉरिडॉरच्या कोपऱ्यावरून बघायचो. फळी काढली की हात खाली पडायचा. प्रत्येक मंगळवारी तसाच पडायचा. सोमवारपासून मला धास्ती लागायची आणि मंगळवारी संध्याकाळी घरी कोणी काही विचारलं तरी मी खेकसायचो. बायकोला वाटलं, मला काही आजार झालाय.

दिवाळी झाली. एका रविवारी मी एसटीनं त्यांच्या गावाला गेलो. घराला कुलूप होतं. लोकांनी शेताची वाट दाखवली. शिवारात वेचणी चालली होती. बायका आपापली पात, म्हणजे कापसाची ओळ, धरून पार पुढं गेल्या होत्या आणि गयाबाई एकट्याच मागं राहिल्या होत्या. कमरेला वेचलेला कापूस टाकायची ओटी बांधलेली, उजव्या हाताला फळी. डाव्या हातानं बोंड धरायच्या, ओढायच्या, निम्मा कापूस बोंडातच राहायचा. सुनीता आपली पात संपवून मागं येत होती आणि सासूच्या पातीतला राहिलेला कापूस गुपचूप काढत होती.

"मामा, तुमी कामून आलाव?" गयाबाई म्हणाल्या. "बसा. पानी घ्या."

आम्ही बांधावर बसलो. मी विचारलं, "बाई, त्या दिवशी तुमी खोटं कामून बोललाव?"

"वाकी ऱ्हाऊ द्या मीच म्हनले व्हते. आन् तुमी पांढरेफटक पडला व्हता. मला वाटलं, ह्यो मानूस आता पडतो." त्या थोडं हसल्या. मग फळीकडं बघत म्हणाल्या, "पर मामा, मला लय भ्याव वाटायलंय. येतो का न्हाई ह्यो हात? खरं सांगा."

"येतो," मी म्हणालो. मला काही माहीत नव्हतं. आयुष्यात मी पेशंटशी दोन खोटी बोललो आणि दोन्ही याच बाईशी, कारण लाल पट्टीपाशीसुद्धा मी 'काही होत नाही' असंच म्हणालो होतो. परतीच्या बसमध्ये मी माझं उजवं मनगट वर-खाली करून बघत होतो. शेजारच्या माणसानं विचारलं, मुरगळलंय का? मी हो म्हणालो.

संक्रांतीच्या सुमारास अंगठा हलला. कोपऱ्यावरून मला नीट दिसलं नाही, पण सुनीता हसली ते दिसलं. मी जिन्याखाली जाऊन रडलो. होळीपर्यंत त्या भाकरी थापायला लागल्या.

तेव्हापासून मी बदललो. पेशंटला वळवून झालं की डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, आपला पंजा त्याच्या प्रत्येक हाडाखालून फिरवायचा, असं ठरवलं. जिथं माझा हात दबला तिथं त्याची नस दबणार. आणि ऑपरेशननंतर प्रत्येकाला शुद्ध येताच माझी दोन बोटं त्याच्या हातात द्यायचो आणि म्हणायचो, "मूठ आवळा." मग पाय वर करायला सांगायचो. बाकीचे चेष्टा करायचे. "वाघमारे, पंजा लढवायलास का पेशंटबरुबर?" करू देत. मूठ आवळली जाईपर्यंत मी श्वास रोखून उभा असायचो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दोन वर्षांनी गयाबाई पुन्हा आल्या. या वेळी डाव्या बाजूचा खडा. म्हणजे झोपवायचं उजव्या कुशीवर. म्हणजे तोच हात, जेमतेम परत आलेला, आता सगळ्या अंगाच्या भाराखाली जाणार.

मी मॅडमकडं गेलो आणि म्हणालो, मला या केसला ठेवू नका. का, असं त्यांनी विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. वाकी, गादी, सिस्टरना दिलेलं उत्तर. 

"मला माहीत होतं," मॅडम म्हणाल्या. "पट्टीचं टोक दुमडलेलं होतं. इथं तसं तूच करतोस."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू येऊन सांगशील म्हणून थांबले होते. दोन वर्षं लावलीस." मग म्हणाल्या, "सरांनाही सांग. आत्ता."

सर ऑपरेशनसाठी हात धूत होते. त्यांनी ऐकून घेतलं, नळ चालू ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "लेखी दे. आणि आज दुसऱ्याला उभं कर." मी संध्याकाळी लेखी दिलं. ते माझ्या फाइलीत अजून असेल.

पण दुसऱ्याला उभं करायला गयाबाई तयार होईनात. लाल पट्टीपाशी त्यांनी ट्रॉलीचा कठडा धरून ठेवला. दंडावर वाकीच्या जागी पांढरट वळ तेवढा उरला होता. "वाघमारे मामा कुटं हायत?" त्या म्हणाल्या. मी पुढं झालो आणि म्हणालो, "बाई, मी नको. माझ्याकडूनच झालं होतं."

"मला ठाव हाय की," त्या म्हणाल्या. "पर ह्या हातापायी तुमच्याइतकं भेनारं दुसरं कोन हाय हितं?"

आतून सर बघत होते. त्यांनी मानेनं मला आत यायला सांगितलं.

मी उजव्या काखेखाली गुंडाळी दिली. काढली, पुन्हा दिली. हात पुढं टेबलाच्या फळीवर घेतला, कोपराखाली मऊ गादी, तळवा वर. पंजा सगळीकडून फिरवला. ऑपरेशन सुरू झाल्यावर मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसलो. दर थोड्या वेळानं चादरीखालून हात घालून त्यांच्या मनगटाची नाडी बघायची, बोटं गरम आहेत का ते बघायचं. शेख सिस्टर वरून विचारायच्या, "है ना?" मी म्हणायचो, "आहे." अडीच तास. माझे गुडघे आजही थंडीत त्याची आठवण देतात.

ऑपरेशन झालं. एक, दोन, तीन करून ट्रॉलीवर घेतलं, बाहेरच्या खोलीत आणलं, ब्रेक लावला. मी माझी दोन बोटं त्यांच्या उजव्या हातात दिली.

"गयाबाई, मूठ आवळा."

काही नाही.

"बाई, मूठ आवळा."

हात माझ्या बोटांवर नुसता पडून होता. मॅडम म्हणाल्या, "भूल उतरायचीय अजून, थांब जरा." मला ते माहीत होतं. हजार वेळा मी ते नातेवाइकांना सांगितलेलं. तरी माझे कान बंद झाले. दाराच्या फटीतून नामदेवराव विचारत होते, "कसंय मामा? हात कसाय?"  मला चहा सांडलेली चादर दिसत होती. बोटं काढून घ्यायची हिंमत होत नव्हती आणि ठेवायचीही.

मग तो हात माझ्या बोटांवरून घसरला. चादरीवर गेला. डोळे मिटलेलेच होते. बोटांनी चादरीची चुणी पकडली, मनगट वर आलं, चुणी सोडली. पुन्हा खाली, पुन्हा पकडली, मनगट पुन्हा वर. एका लयीत, भराभर, पोटाकडच्या ओटीत काहीतरी टाकावं तसं.

नामदेवराव आता आत आले होते. "काय करायलीय ही?" त्यांनी विचारलं.

"वेचायल्यात," मी म्हणालो.

ते खाली वाकून बायकोचा हात बघत राहिले. वॉर्डात न्यायचं म्हणून मी ट्रॉली ढकलली, तर ती हलेना; ब्रेक काढायचाच मी विसरलो होतो. शेख सिस्टरनी तो पायानं काढला आणि या वेळी त्या काहीच बोलल्या नाहीत.